स्केट-स्की घेताना आधी वजन बघा

महोदय,

गुलमर्गच्या तयारीसाठी नाशिकचे पालक मुलांना स्केट-स्की (बर्फावर स्केटिंगसारखे पाय बाजूला ढकलत पळायच्या लांब, अरुंद पट्ट्या) ऑनलाइन मागवतात, तेही फक्त उंची बघून. लांबी उंचीहून साधारण ५ ते १५ सेंमी जास्त, एवढं पुरे. कडकपणा मात्र वजनावर ठरतो. सपाट फरशीवर (शहाबादी नको, ती खालीवर असते) मुलाला दोन्ही स्कींवर सारखा भार देऊन उभं करा. स्कीखाली, पावलाच्या जागी ठेवलेला कागद मागेपुढे सहज सरकला पाहिजे. एका पायावर पूर्ण भार दिला तरी स्कीचा मधला भाग आणि फरशी यांत बारीकशी फट उरावी. मऊ स्की मधोमध टेकते, बर्फाला घासते, वेग मरतो. फार कडक असली तर भार टोकांवरच येतो आणि स्की डळमळते. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून वाढत्या अंगाची घेणं तर निव्वळ पैसे घालवणं.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक