सुतारकाकांना जाहीर आभारपत्र

सुतारकाका,

स. न. वि. वि.

तुमचा हिशेब केव्हाच चुकता झाला. तरी हे पत्र लिहितोय, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितोय. तुम्ही आमच्या घरात जे करून गेलात ते नुसत्या प्लाय-सनमायकाच्या बिलात मावणारं नव्हतं. शिवाय घरी बसून विमान उडवण्याचा छंद असलेले आणखीही कुणी हे वाचतील, त्यांच्या उपयोगाला येईल.

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. संगणकावर विमान उडवायचं, पण खऱ्या पद्धतीने. हातात योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, बाजूला इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा थ्रॉटल आणि पायाशी रडरचे, म्हणजे शेपटीच्या सुकाणूचे पेडल. यासाठीचा प्रोग्राम म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर; मायक्रोसॉफ्टचा पहिला 1982 सालचा. 2020च्या आवृत्तीपासून त्यात उपग्रहाच्या चित्रांवरून अख्खी पृथ्वी उभी केलेली आहे, त्यामुळे आपलं नाशिकचं गंगापूर धरणसुद्धा जागच्या जागी सापडतं. नाशिकजवळ ओझरला एचएएलचा विमानांचा कारखाना 1964चा. तिथे बनणाऱ्या मिग लढाऊ विमानांचा आवाज ऐकत मी मोठा झालो. वैमानिक होणं घरच्या परिस्थितीत शक्य नव्हतं, पण विमानाची ओढ गेली नाही. माझ्यासाठी हा टाइमपास नाही, हे तुम्ही न सांगता ओळखलंत.

अडचण जागेची होती. इंदिरानगरचा दोन बेडरूमचा फ्लॅट, माणसं चार. जेवणाच्या टेबलावर योक आवळायचा, वायरी पसरायच्या आणि ताटं मांडायच्या वेळी सगळं उचलायचं. बायको शाळेत शिकवते, तिला त्याच टेबलावर पेपर तपासायचे असतात. आईची मालिका संध्याकाळी. मुलगी सातवीत. कुणी कुणावर चिडलेलं नव्हतं, पण सगळेच एकमेकांची आवराआवर करत होते. मी तुम्हाला बोलावलं ते बेडरूमच्या कोपऱ्यात एक बंद कपाट-टेबल करून घ्यायला. चित्रही काढून ठेवलं होतं.

तुम्ही चित्र पाहिलंत, घडी घालून खिशात ठेवलंत, टेप काढलाच नाहीत. चहा घेताना एकेकाला विचारत बसलात. आईंना, त्या कुठे बसतात. बायकोला, पेपरांचे गठ्ठे किती दिवस पडून असतात. मुलीला, अंधारात बाथरूमला जाताना पायात काय येतं. मग माझ्याकडे वळून विचारलंत, "विमान चालू असताना जागेवरून अजिबात हलता येत नाही, असं नक्की किती वेळ?"

एवढी वर्षं हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. हिशेब मांडून तुम्हाला सांगितलं तो असा: दिल्ली-मुंबई उड्डाण साधारण दोन तासांचं. टेकऑफची दहा-पंधरा मिनिटं पडद्यावरून नजर हटवता येत नाही. छत्तीस हजार फुटांवरून खाली यायला मुंबईच्या साधारण एकशेवीस सागरी मैल आधी सुरुवात करावी लागते, कारण उतार तीन अंशांचा धरतात, मैलाला साधारण तीनशे फूट. तिथपासून धावपट्टीवर थांबेपर्यंत अर्धा तास पूर्ण लक्ष लागतं. मधला तासाभराहून जास्त वेळ ऑटोपायलट, म्हणजे विमान आपलं आपण चालतं. कानात हेडफोन हवा, दर काही मिनिटांनी इंधन आणि मार्ग बघायचा, बस.

तुम्ही म्हणालात, "म्हणजे तासभर तर तुम्ही घरातच असता की साहेब. मग तुम्हाला बेडरूममध्ये कशाला कोंडायचं?"

काका, आमच्या घरात जे बदललं ते या एका वाक्यापासून.

तुम्ही टेबल हॉलमध्येच केलंत, स्वयंपाकघराच्या दाराशी, आणि भिंतीकडे तोंड न ठेवता आडवं फिरवलंत. आता मान वळवली की ओटा दिसतो. क्रूझमध्ये, म्हणजे त्या मधल्या तासाभरात, मी मेथी निवडतो, शेंगा सोलतो, मुलीची अपूर्णांकांची गणितं तपासतो. मिटलं की टेबल भिंतीलगतचं कपाट होतं आणि वर आईंचा पानाचा डबा बसतो.

बारीक कामाबद्दल तर किती लिहू. चाकांच्या खुर्चीवर बसून ब्रेक दाबायला दोन्ही पेडलांचा वरचा भाग पायाने रेटला की खुर्चीच मागे पळते, हे दुखणं हा छंद असलेल्याला सांगावं लागत नाही. लोक चाकांखाली पायपुसणं कोंबतात. तुम्ही 19 मिलिमीटरच्या प्लायची एक लांब फळी घेतलीत, पुढे पेडल स्क्रूने कसले आणि मागे खुर्चीच्या दोन चाकांपुरत्या गोल खोबण्या कोरल्यात. पायाचा रेटा फळीतल्या फळीतच जिरतो. फळीखाली रबर लावलंत, फरशीला ओरखडा नाही. ती टेबलाखाली सरकते आणि दार तिच्यावर बंद होतं. संगणक बंद कप्प्यात तापेल ही माझी भीती होती. तुम्ही खाली एक जाळी आणि वर मागच्या बाजूला एक जाळी ठेवलीत, देवघरात समईची ऊब बाहेर पडायला वर झरोका ठेवतात तशी. उन्हाळ्यातही पंखे शांत होते.

आणि ती पट्टी! उरलेल्या सनमायकाचा हातभर तुकडा, एका बाजूने हिरवा, दुसऱ्या बाजूने तांबडा, टेबलाच्या कडेला खाचेत उभा राहणारा. हिरवा असला की खुशाल हाक मारा, तांबडा असला की थांबा. मी बऱ्याचदा व्हॅटसिमवर उडतो. हे जगभरच्या हौशी लोकांचं जाळं, 2001 पासून चालू आहे. पलीकडे मुंबई अप्रोच, म्हणजे उतरणाऱ्या विमानांना सूचना देणारा नियंत्रक, म्हणून बोलणारा माणूस विनामोबदला बसलेला असतो, मागेपुढे इतरांची विमानं असतात. तिथे मनात आलं म्हणून विमान हवेत थांबवता येत नाही. हे मी घरी अनेकदा समजावलं होतं, तुमच्या पट्टीने ते आईंच्याही ध्यानात आलं. पट्टी फिरवायचा मान मुलीचा. खाली उतरायला लागलो की ती येऊन तांबडी बाजू करते, आणि थांबल्यावर हिरवी केल्याशिवाय मला उठू देत नाही.

काम संपल्याच्या दिवशी तुम्हाला तुमचं गाव वरून दाखवलं, ते आठवतं? ओझरहून सेसना 172 हे छोटं विमान घेतलं, शहरावरून गंगापूर धरणाकडे आणि तिथून अंजनेरीला. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. तुम्ही खुर्चीच्या पाठीला धरून उभे होतात. डोंगर समोर आल्यावर हात जोडलेत, म्हणालात, मारुतीच्या जन्मगावी असंच यायला हवं. मग घर शोधलंत. घर काही सापडलं नाही, पण ओढा कुठे वळतो आणि त्याच्या कडेला तुमची भाताची खाचरं कुठून सुरू होतात ते तुम्ही बोटाने बरोबर दाखवलंत. त्या दिवशी बायको पहिल्यांदा शेजारी खुर्ची ओढून शेवटपर्यंत बसली. नंतर तिने तिच्या माहेरावरून न्यायला सांगितलं. आता रविवारी सकाळी मिसळ आणायच्या आधी एक उड्डाण घरच्यांचं असतं, कुठे जायचं ते आळीपाळीने ठरतं. आईंनी सप्तशृंगी सांगितली होती, मुलीने कळसूबाई.

असा छंद असलेल्या कुणाला टेबल करून घ्यायचं असेल तर माझं एकच सांगणं आहे: मापं घेण्याआधी सुताराला घरच्यांशी बोलू द्या. यूट्यूबवरचे कॉकपिट बघून मीही भारावलो होतो, पण त्यातल्या बहुतेकांना स्वतंत्र खोली लागते. आपल्याकडे खोली नसते, माणसं असतात.

काका, पावसात डाव्या बाजूचा ड्रॉवर थोडा फुगलाय, रंधा मारावा लागेल. घाई नाही. भाताची कापणी उरकली की या, आणि येताना काकूंना घेऊन या. बायकोने पेपरांसाठी घडीचं टेबल करायचं ठरवलंय, जागाही तिनेच निवडली आहे. या वेळी चहाला आधी तिच्यासमोर बसा.

आपला,
इंदिरानगरचा विमानवाला