सातबारा पाठवण्यापूर्वी

चि. संकेत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू सातबाऱ्याचा उतारा मागितलास आणि तुझे बाबा काही न बोलता उठून गोठ्याकडे गेले, तेव्हापासून तुला लिहायचे मनात होते. कॅम्पसच्या मुलाखतींना न बसता तांदळाचा उद्योग सुरू करण्याचा तुझा निर्णय मोडायला मी बसलेली नाही. वावर गहाण टाकू नकोस, एवढेच सांगायचे आहे आणि तेवढ्यावरच थांबायचे ठरवले आहे.

दिवाळीत इथेच राहिलेली तुझी उद्योजकतेची वही मी पूर्ण वाचली. नवी वस्तू, नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत आणि उद्योगाची नवी रचना, हे अर्थशास्त्रज्ञ शुम्पीटरने सांगितलेले नवप्रवर्तनाचे पाच प्रकार तू नीट लिहून काढले आहेस. तुझा तांदूळ त्यांतल्या कशात बसतो, हे मात्र कुठे दिसले नाही. मला तो तिसऱ्यात बसतो असे वाटते, कारण धान तेच, भरडाई तीच, फक्त गिऱ्हाईक व्यापाऱ्याऐवजी पुण्यातले घर. मग पहिला पैसा गिऱ्हाईक शोधण्यात जायला हवा. यंत्रासाठी कर्ज आधी कशाला?

दादाजी खोब्रागडे यांच्याबद्दल तुमच्या वर्गात बोलणे झाले का? आपल्याच नागभीड तालुक्यातले, नांदेड गावचे. जेमतेम दीड एकराचे धनी. 1983 मध्ये पटेल-3 या धानाच्या वाणाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे निवडून पेरल्या आणि त्यातून एचएमटी तांदूळ उभा राहिला. 2005 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, वाण राज्याबाहेर पोचले, पण कमाई मुख्यतः बियाणे विकणाऱ्यांची झाली आणि 2018 मध्ये ते गेले तेव्हा घरची स्थिती बेताचीच होती. नवे शोधणे आणि त्याचा पैसा आपल्या हातात राहील अशी व्यवस्था लावणे, ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम तू शिकतो आहेस, याचा मला फार अभिमान वाटतो.

तरी एक हिशेब तुझ्या वहीत नाही. धान नोव्हेंबर-डिसेंबरात एकदम येते आणि शेतकऱ्याला रोख लागते. क्विंटलभर धानातून 65 ते 67 किलो तांदूळ निघतो, बाकी तूस, कोंडा आणि कनकी. त्यातही शहरातल्या गिऱ्हाइकाला मोकळा शिजणारा जुना तांदूळ हवा असतो, म्हणजे माल वर्षभर कोठीत ठेवायचा. तांदूळ जुना होत असतो तेव्हा व्याज थांबत नाही. मोठ्या काकांची बोडीखालची बांधी कशी गेली ते तुला आठवत असेल. त्या उन्हाळ्यात आजी कुणाशी धड बोललीसुद्धा नाही.

उद्योजकतेच्या अभ्यासक सरस सरस्वती यांचे ‘परवडणारा तोटा’ हे तत्त्व तूच अधोरेखित केले आहेस: किती मिळेल यापेक्षा किती गेले तर चालेल, ते आधी ठरवायचे. मग तूच सांग, वावर त्यात बसते का? पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या सर्वसाधारण अर्जदाराला प्रकल्पाच्या 25 टक्के अनुदान आहे, पण ते हाती पडत नाही, तीन वर्षे बँकेत ठेवीच्या रूपाने अडकलेले असते. ते खेळते भांडवल समजून बसू नकोस. जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जा, दलालामार्फत नको, प्रत्येक कागद वाच, भागीदारीचा करार लेखी कर...

उपदेश फार झाला, राग मानू नकोस. सहावीत असताना जत्रेत बोरे विकायला बसलास, तेव्हा गोड आणि आंबट वेगळी करून तू दोन भाव लावले होतेस, आणि आंबट बोरांसोबत मिठाची पुडी फुकट दिली होतीस. ते तुला कुणी शिकवले नव्हते. तुझ्या हुशारीवर माझा भरवसा आहे. भीती पावसाची, भावाची आणि गहाणखताची वाटते.

म्हणून माझे म्हणणे असे: यंदा गिरणी घेऊ नकोस. पोस्टातली माझी ठेव फेब्रुवारीत सुटते, तेवढ्याचे धान घे, गावातल्या गिरणीतून भरडून घे आणि पुण्यात विकून बघ. तो पैसा बुडाला तरी मी एक शब्द बोलणार नाही. तीच घरे दुसऱ्यांदा तांदूळ मागू लागली, तर यंत्राचे बोलू आणि तेव्हा बाबांशी मी बोलेन. वावर मात्र तेव्हाही नाही.

उत्तर फोनवर देऊ नकोस. लिहून पाठव, म्हणजे बाबांनाही वाचता येईल.

तुझी
आई