मोतीबिंदूबरोबर काचबिंदूही तपासा

महोदय,

मोफत मोतीबिंदू शिबिरांविषयीची बातमी (मंगळवारचा अंक) वाचली. उपक्रम स्तुत्यच आहे. पण याच शिबिरांत काचबिंदूची तपासणीही व्हायला हवी. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते, काचबिंदूने गेलेली मिळत नाही. काचबिंदूत बहुधा डोळ्यातला दाब वाढून डोळ्यामागची, मेंदूकडे जाणारी नस खराब होत जाते. हा दाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. तो हळूहळू वाढला, तर डोळा ना दुखतो, ना लाल होतो. नजर कडेने झिजत जाते आणि तक्त्यावरची अक्षरे मात्र बराच काळ नीट वाचता येतात. माझ्या वडिलांचा डावा खांदा दोन वर्षे दाराच्या चौकटीला आपटत होता. आम्ही त्याला वेंधळेपणा म्हणत राहिलो. त्या काळात चष्मा तेवढा दोनदा बदलून झाला!

काहींचा दाब नेहमीइतका असूनही डोळ्यामागची नस खराब होते. त्यामुळे नुसता दाब मोजून भागत नाही, ती नसही पाहावी लागते. आईवडील किंवा भावंडांना काचबिंदू असलेल्यांना धोका अधिक. निदान शिबिराच्या नोंदणी अर्जावर ‘घरात कोणाला काचबिंदू आहे का?’ एवढा एक प्रश्न तरी आयोजकांनी छापावा.

– एक वाचक, सांगली