साच्याचा पेच

नागपूर, १८ डिसेंबर

प्रिय मन्या,

माझी शुगर आहे तिथंच आहे, आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, बाकी ठीक. आता मुद्द्याचं.

परवा दुकानात एक कूलर दुरुस्तीला आला. पत्रा पार सडलेला, पण अँगलची फ्रेम पाहताच ओळखला. मागच्या पायाला भोक उलट्या बाजूनं! अबे, असं भोक पाडणारा माणूस जगात एकच, आणि तो आज पुण्यात पोट्ट्यांना डिझाइन शिकवतो. आपले कूलर आखणाऱ्या काकांनी तेव्हा तुला हासडलेली शिवी इथं लिहीत नाही.

फ्रेम सोडली तर त्यात आपलं काहीच उरलं नव्हतं. वूडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या पॅडच्या जागी कापून बसवलेलं हनीकोंब, ते मधाच्या पोळ्यासारखं जाळीदार पॅड. नळाला जोडलेला फ्लोट, टाकी भरली की पाणी आपोआप बंद. पाण्याच्या मोटरचं बटण पंख्यापासून वेगळं, कारण जुलैत हवाच ओली असते, पाणी वाफ व्हायचं नाव घेत नाही, खोलीत नुसता दमटपणा. मग मोटर बंद, पंखा चालू. यातलं एकही काकांच्या ड्रॉइंगवर नव्हतं. कुणी गिऱ्हाइकानं केलं, कुणी वायरमननं, कुणाच्या उपद्व्यापी साळ्यानं. मग तेच आम्ही नव्या मालात द्यायला लागलो. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला, तेव्हा लोक पॅडवर पाणी सोडणाऱ्या वरच्या पन्हाळीला जादा भोकं पाडून मागत होते. पुढच्या सीझनला आमची पन्हाळ तशीच निघाली. श्रेय अर्थात आम्ही घेतलं.

आता आमच्या दुकानातल्या अंकितला कूलरची अख्खी प्लॅस्टिकची बॉडी हवी आहे, एका साच्यातून निघणारी. पोरगा खोटं बोलत नाही. लोखंड गंजतं, त्यात पाणी आणि करंट, अर्थिंग धड नसलं की माणूस चिकटतो. या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण साचा एकदा झाला की त्याचा खर्च निघेपर्यंत कुणी त्याला हात लावू देणार नाही. आणि पत्र्याला वाटेल तिथं ड्रिल मारणारा वायरमन या डब्याला काय करणार?

हॉस्टेलवर तू सांगायचास ती हर्बर्ट सायमनची, त्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाची गोष्ट आठवते? १९६२ चा लेख. होरा आणि टेम्पस, दोघं घड्याळजी, घड्याळात हजारेक भाग. टेम्पस सगळं सलग जोडायचा. गिऱ्हाइकाचा फोन आला, काम खाली ठेवलं, की सगळं विस्कटायचं. होरा दहा-दहा भागांचे पक्के संच करायचा, त्यामुळे मोडलं तर एका संचापुरतंच. होराची भरभराट, टेम्पसचं दुकान बुडालं. मी म्हटलं होतं, ही गोष्ट लिहिणाऱ्यानं फोन उचलायला एक पोरगा ठेवायचा ना! त्यावर तू भडकलास, आणि तर्री-पोह्यांचे पैसे मलाच द्यायला लावलेस. ते अजून वळते केलेले नाहीत.

पण आपला लोखंडी डबा होराचा आहे, राजा. पॅड बदललं तेव्हा पंख्याला खबरही नव्हती. म्हणून तर पंधरा जणांचे पंधरा उपद्व्याप त्यात टिकले.

तू म्हणशील, प्लॅस्टिकमध्येही भाग सुटे ठेवता येतात. येतात की! पण कुठला सुटा ठेवायचा हे आज ठरवायचं, आणि लोक उद्या कुठं हात घालतील हे आज कुणाला माहीत? डनलॉपनं १८८८ मध्ये पोराच्या तीनचाकीला हवेचं टायर लावलं ते धक्के कमी बसावेत म्हणून. शर्यतवाल्यांनी ते उचललं वेगासाठी. हे अंकितला सांगितलं तर म्हणतो, "काका, आपण टायर विकत नाही." हा पोट्टा तुझाच विद्यार्थी शोभतो.

वहिनींची बदली रद्द झाली का? पोरीची दहावी आहे ना यंदा, तिला त्रास देऊ नको. नवा पत्ता पाठव, संत्र्यांची पेटी जुन्या पत्त्यावर गेली तर तुझे शेजारी खातील.

साचेवाल्याला संक्रांतीनंतर सांगतो म्हटलंय. त्याआधी फोन कर, पण रात्री नऊनंतर. दिवसा पत्रा ठोकण्याच्या आवाजात तुझं शहाणपण ऐकू येत नाही. आणि अंकितची बाजू घेणार असशील तर आधी पोह्यांचे पैसे पाठव.

तुझा,
विज्या