तुझी डिस्क माझ्याकडे, माझी तुझ्याकडे

सांगली,
रविवार दुपार

प्रिय बंड्या,

स. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, "फाइली इंटरनेटवर जपून ठेवायला गूगल ड्राइव्ह घेऊ, ड्रॉपबॉक्स घेऊ, की ते बॅकब्लेझ?" तेव्हा मुद्दामच म्हटलं, पत्र लिहितो. फोनवर सांगितलं असतं तर तू "हं, हं" करत ऐकलं असतंस आणि शेवटी स्वस्तातलं घेऊन मोकळा झाला असतास. विलिंग्डनच्या होस्टेलपासून ओळखतो मी तुला.

बाबा रे, तू तिघांना एका पंगतीत बसवलंस, पण त्यांची जात वेगळी आहे. पहिली दोन मुख्यतः सिंकची. घरच्या कॉम्प्युटरवर जे फोल्डर, तेच लॅपटॉपवर, तेच फोनवर. इथं एक ओळ सुधारलीस की तिथंही सुधारते. आणि इथं पुसलंस की तिथंही पुसलं जातं! बॅकब्लेझसारख्यांचं काम बॅकअपचं. ते गुपचूप मागे बसून नक्कल काढत राहतात आणि फाइल बदलली तरी आधीच्या नकला ठरलेल्या मुदतीपर्यंत जपतात.

हे मला कुणी शिकवलं ठाऊक आहे? आमच्या भाच्यानं. आईच्या जात्यावरच्या ओव्या मी दोन पावसाळे बसून टाइप केल्या होत्या, आठवतं ना? सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवून मी निर्धास्त. मे महिन्यात भाचा सुट्टीला आला. जुना लॅपटॉप सारखा 'जागा संपली' म्हणून कुरकुरत होता, तर पोरानं मामाला मदत म्हणून 'जुनं सामान' काढून टाकलं. गणपतीत ताईनं हरतालिकेची ओवी मागितली तेव्हा मी फोल्डर उघडलं. पांढरीफटक खिडकी. फोनवर तेच, कॉम्प्युटरवर तेच. त्या सेवेत खोडलेली फाइल 30 दिवस कचरापेटीत राहते, आणि मध्ये गेले होते चार महिने. छापायला म्हणून एका पेनड्राइव्हवर निम्म्या दिल्या होत्या, तेवढ्या वाचल्या. बाकीच्या ज्यांना तोंडपाठ होत्या त्या बायका आता नाहीत. भाच्याला मी अजून काही बोललेलो नाही.

तू म्हणशील, मग घरातच दोन हार्ड डिस्क ठेवू. ठेवल्या होत्या की! 2019 चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि कृष्णा 57 च्याही वर गेलेली. गावभागातल्या घरात पाणी शिरलं आणि दोन्ही डिस्क कपाटाच्या खालच्याच कप्प्यात, शेजारी शेजारी. पाणी ओसरल्यावर फुगलेलं दार पहारीनं उचकटलं. केबल लावायच्या भोकातला चिखल टूथब्रशनं काढला, गच्चीत वाळवल्या. एक फिरलीच नाही. दुसरी नुसती टक्-टक् करायची, भिंतीवरच्या पालीसारखी. तू अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, तुला पुराचं भय नाही. पण चोर आणि वीज साताऱ्यालाही येतात.

आता तुझ्यापुरतं. वडिलांचे मोडी कागद स्कॅन केलेस, ते आणि फोटो मिळून 300 जीबी म्हणालास. गूगलच्या फुकट 15 जीबीत जीमेल आणि फोटोही मोजले जातात, म्हणजे तिथं तुझा निभाव लागायचा नाही. रोजच्या चालू कामाला सिंक खुशाल वापर, सोय मोठीच आहे. स्कॅनसाठी मात्र बॅकअपवालाच घे. पहिल्या खेपेला दम धर. अपलोडचा वेग 10 एमबीपीएस धरला तरी 300 जीबी चढायला सलग पावणेतीन दिवस लागतात. जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेला वेग बहुधा डाउनलोडचा असतो, त्यावर जाऊ नकोस. वीज गेली तर भिऊ नकोस, पुढचं काम तिथूनच सुरू होतं.

बाहेरची डिस्क कॉम्प्युटरला फार दिवस जोडली नाही, तर कंपनीकडची तिची नक्कल पुसून टाकायचे नियम असतात. ते नीट वाच. बॅकअपला स्वतःची खासगी किल्ली, म्हणजे फक्त तुलाच ठाऊक असलेला परवलीचा शब्द, लावलीस तर ती वहीत लिहून वहिनींच्या दागिन्यांच्या डब्यात ठेव. ती हरवली की कंपनीलाही कुलूप उघडता येत नाही. आणि एकाच कंपनीच्या भरवशावर राहू नकोस. क्रॅशप्लॅन हे असंच बॅकअपवालं, घरगुती गिऱ्हाइकांत चांगलं नावाजलेलं, पण 2017 मध्ये त्यांनी ती सेवा गुंडाळत असल्याचं कळवलं आणि पुढच्या वर्षी बंदही केली. लोकांना मुदत मिळाली हे खरं, पण सगळं पुन्हा पहिल्यापासून चढवायचं म्हणजे काय, ते तू पावणेतीन दिवसांनी सांगशीलच मला. महिन्यातून एकदा एखादी फाइल परत उतरवून उघडून बघ. मी संकष्टीला बघतो, म्हणजे विसरत नाही.

यावर तोडगा म्हणून माझ्या डोक्यात एक आहे. तू दिवाळीत येशील तेव्हा सगळ्या स्कॅनची एक डिस्क घेऊन ये. ती माझ्याकडे राहील, आता वरच्या मजल्यावर. माझी तू साताऱ्याला घेऊन जा. सहा महिन्यांनी अदलाबदल. तेवढ्या निमित्तानं भेटीही होतील, नाहीतर तुला सांगलीचा रस्ता आठवतो कधी?

कंदी पेढे आणशीलच. पण डिस्क पेढ्यांच्या खोक्यात घालून आणू नकोस, गेल्या खेपेला चार्जरला तूप लागलं होतं.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिल्या