काळी चार

चि. अभय,
अनेक आशीर्वाद. पोचल्याचा मेसेज आईच्या फोनवर आला, माझ्या नाही. असो. तबला उघडलास का?

महालक्ष्म्यांच्या रात्री तू हळूच म्हणालास, "आजीचा सूर लागत नाहीये," आणि मी सगळ्या गल्लीसमोर ओरडलो. हात चालतो तसा कानही चालवत जा, असं म्हणालो. दुसऱ्या दिवशी तू महाराष्ट्र एक्स्प्रेसनं गेलास, खिडकीतून हात केलास तो आईला.

त्याच दुपारी पेटी काढली. आजीला म्हटलं, म्हण. जन्मभर तिची पट्टी काळी पाच. आता वर नेलं की मानेच्या शिरा ताणतात; काळी चारवर आणलं आणि आवाज मोकळा झाला. तीस वर्षं मी पेटीवर बसतोय, मला कळलं नाही. तुला एका अंतऱ्यात कळलं. हे आईला सांगितलं नाही, तूही सांगू नकोस.

तुझा तबला काळी पाचचा. तो उतरवला तर ढप्प वाजतो, म्हणून तोंडानं मोठा बघून आलो. तबलेवाला म्हणाला, वाजवणाऱ्यालाच घेऊन या.

पुण्यात पाऊस आहे ना? दमट हवेत तबल्याची चामड्याची पुडी सैल पडते, सूर उतरतो. लगेच हातोडी घेऊन गट्टे ठोकत बसू नकोस, गॅसजवळ तर अजिबात धरू नकोस. शाईला ओल लागू देऊ नकोस. आपल्याकडे मे महिन्यात उलटं, रात्री लावलेला सकाळी चढलेला. आणि आजी म्हणत असताना लग्गीचे जलद बोल लावायचे नाहीत. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा सरळ धरल्या तरी पुष्कळ... बघ, पुन्हा सुरू झालो. माफ कर.

मोझरीला तुकडोजी महाराज गेले ते १९६८ साल. माझे आजोबा खंजिरी घेऊन गेले ते तीन दिवसांनी परतले, आणि ओसरीवर नुसते बसून राहिले. आजी तेव्हा नवी सून. डोक्यावर पदर, सासऱ्यापुढे तोंड उघडायची सोय नाही. पण तिनं स्वयंपाकघरातूनच भजन उचललं. आजोबांनी काही न बोलता खंजिरी धरली. नागपूरच्या महालातल्या त्या घरात गुरुवार तेव्हापासून चुकला नाही. चिंगी परवा त्याच खंजिरीच्या झांजा मोजत होती. तिला मी टाळ दिलाय, ती सम सोडून सगळीकडे मारते. आजी हसते, म्हणते, "हिचा बापही असाच मारे."

या गुरुवारी मी काळी चारला पेटी धरली. ठेका नव्हता. आजीनं तुझ्या जागेकडं दोनदा पाहिलं. मग मला विचारलं, "पोरगं काहून गेलं बिनाबोलता?" मी म्हटलं, रजा संपली.

नोकरी नीट कर. रात्री जागू नकोस. आठवड्यातून एकदा तरी हात फिरव.

तुझा,
बाबा

ता. क. डग्ग्याची चुंबळ देवघरातल्या पाटाखाली सापडली. म्हणजे तिकडे डग्गा डुगडुगत असणार. नाहीतर तू उघडलाच नसशील. पार्सल करू, की कोजागिरीला येऊन नेशील?