तुझ्या एमजीचा रंग

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र आणि फोटो मिळाले. घेतलीस एकदाची गाडी! १९६४ची एमजीबी रोडस्टर, ब्रिटिश एमजी कंपनीची दोन सीटची उघडी गाडी, तीही दाराला ओढायची हँडलं असलेली. ती हँडलं पुढच्या वर्षी गेली आणि बटणाची आली, त्यामुळे जाणकार माणूस या एका खुणेवर लांबूनच गाडीचं वय सांगतो. विकणाऱ्याला याची कल्पना नव्हती असं तुझ्या पत्रावरून दिसतं. बरंच झालं.

आता तुझा प्रश्न. कारखान्याच्या नोंदींवरून मिळालेल्या दाखल्यात रंग लिहिलाय आयरिस ब्लू, मधल्या कुणा मालकाने तिला लाल फासलंय, आणि तुझ्या मनात भरलाय गडद हिरवा, आत बदामी कातड्याच्या सीट. मूळ होती तशी करायची की आपल्याला आवडेल तशी? वहिनी म्हणतात लालच राहू दे. सगळ्यांत कमी खर्चाचं मत त्यांचंच आहे, हे विसरू नकोस.

रंगाचं बोलूच, पण तो शेवटचा निर्णय. उजव्या दाराचा फोटो पुन्हा नीट बघ. मागची फट खाली रुंद आहे आणि वर मिटत आलीये. बंद गाडीत टप आणि खांबसुद्धा भार उचलतात. उघड्या गाडीत ते सगळं काम दाराखालचे सिल आणि मधला बोगदा करतात. एमजीबीला वेगळी चासी, म्हणजे खालचा पोलादी सांगाडा, नाही; पत्र्याचं अंग हीच तिची चासी. सिल आतून कुजले की गाडी मधोमध बसायला लागते आणि दाराची फट आधी चुगली करते. वरून नवा पत्रा ठोकून, लांबी (पुट्टी) भरून, रंग मारून दिलेल्या अशा गाड्या कमी नाहीत. तुझ्या गाडीचा लाल रंग मला त्यातलाच वाटतो.

सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे पोलादी बार बसवून घे. दारं लावून फटी जुळव, मोज, मगच कापायला दे, आणि एका वेळी एकच बाजू. बार न लावता कापलं तर अंग वाकतं आणि त्याच वाकड्या अवस्थेत वेल्ड होतं. मग दार कायम घासणार, खड्ड्यातून गेलं की काच आणि डॅशबोर्ड थरथरणार, वर निळा मारलास काय नि हिरवा काय! इथे मूळ की आवड हा वादच नाही. गंजही मूळचाच असतो, म्हणून काही तो कुणी जपत बसत नाही.

आणि ‘मूळ’ म्हणजे तरी काय? मूळ साच्यांवर काढलेलं एमजीबीचं अख्खं नवं अंग १९८८पासून मिळतं. त्यात तुझं इंजिन, तुझा ॲक्सल, तुझी नंबरपट्टी बसवली तर ती गाडी १९६४ची म्हणायची का? लोक म्हणतात, बिनदिक्कत. उलट प्रदर्शनात पहिला नंबर मिळवणारी कित्येक ‘अस्सल’ पुनर्बांधणी इतकी चकचकीत असते की कारखान्यातून बाहेर पडताना ती गाडी कधीच तशी नव्हती. तेव्हा रंगाला ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, असायची, बॉनेटची फट डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरी. ते सगळं घोटून सपाट करणं हीदेखील आवडच, फक्त तिला कुणी आवड म्हणत नाही.

२०२४ साली अमेरिकेतल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत ‘बेस्ट ऑफ शो’ कुणाला मिळालं, आठवतं? १९३४ची बुगाटी टाइप ५९ स्पोर्ट्स, उघडी, दोन सीटची, आणि जशी उरली तशी जपलेली. पुनर्बांधणी न केलेल्या गाड्यांच्या गटातून हा मान मिळवणारी ती पहिलीच. गंमत तिच्या रंगात आहे. आधी ती कारखान्याच्या संघाची शर्यतीची गाडी होती. पुढे बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याच्याकडे गेली आणि तिला काळा रंग आणि पिवळा पट्टा आला. आज ती जपली जाते ती त्या काळ्या रंगासकट. एका मालकाची हौस इतकी जुनी झाली की तीच अस्सल ठरली. तुझ्या लाल रंगाला हा न्याय लागू नाही बरं का! लांबीवर मारलेल्या रंगाला इतिहास म्हणायला आपण कुणी राजे नाही.

माझा विचार मी एका प्रश्नावर उभा केलाय: केलेलं उलटवता येईल का? फिवा ही जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिच्या तुरिन सनदेतही हाच सूर आहे. बदल करावाच लागला तर मूळ बांधणीला आणि रूपाला धक्का लावू नका, तो शक्यतो परत फिरवता येईल असा करा, काढलेले भाग गाडीसोबत ठेवा.

त्या हिशेबाने बघ. ठिणगीची वेळ सांभाळणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घालायचंय? खुशाल घाल, ते डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली जातं. जुने पॉइंट डबीत ठेव. सीटमागच्या दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्यांऐवजी एकच बारा व्होल्टची लाव. सीटबेल्ट तर हवेतच. पेट्रोलचे रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे घे. मूळ ब्रेक लायनिंगच्या शोधात मात्र पडू नकोस. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि इतकी निष्ठा कुणी मागितलेली नाही.

इंजिनाला हात लावताना जप. तुझ्याकडे तीन बेअरिंगचं इंजिन आहे, म्हणजे त्याच्या क्रँकशाफ्टला तीन ठिकाणी आधार. त्याच वर्षाच्या शेवटी पाच बेअरिंगचं आलं, ते जास्त टिकाऊ, आणि मेकॅनिक तुला तेच टाकायला सांगणार. पण तुझा इंजिन नंबर दाखल्याशी जुळतोय. हेच इंजिन बांधून घे. अगदीच बदलावं लागलं तर हे भंगारात देऊ नकोस, ग्रीस लावून ठेव.

हूडचा, म्हणजे कापडी टपाचा, प्रश्न सोपा आहे. या गाडीचं साधं हूड सुटं असायचं, सांगाडा काढून डिकीत ठेवायचा. भर पावसात सुट्या दांड्या जोडत बसायचा तुझा स्वभाव नाही. पण घडीचं हूडही तेव्हा कारखान्याच्याच यादीत जास्तीचे पैसे भरून मिळत असे. वायर स्पोकची चाकंही तशीच, आणि ओव्हरड्राइव्हही, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर. तेव्हाच्या गिऱ्हाइकाला जे निवडता येत होतं ते तू आज निवडलंस तर कुणी नाक मुरडायचं कारण नाही. मोडीत निघालेल्या गाडीचा ओव्हरड्राइव्ह मिळाला तर सोडू नकोस.

बदामी सीट? कर. सीटचं कातडं दोन दिवसांत बदलता येतं. जुनं उसवून फेकू मात्र नकोस, नमुना म्हणून लागतं.

राहिला रंग. तो उलटवता येतो, पण नावापुरता. दाराच्या कडा, डिकीची आतली बाजू, इंजिनाची खोली, सगळं पुन्हा उघडं करावं लागतं. म्हणून इथे मी मूळच्या बाजूने आहे. आणि खरं सांगू? तो हिरवा तुझी आवड आहे असं मला वाटत नाही. प्रत्येक कॅलेंडरावर, प्रत्येक विक्रेत्याच्या फोटोत ब्रिटिश रोडस्टर हिरवीच असते, ते बघून बघून तो डोळ्यांत बसलाय. फिकट निळ्या रंगातली एमजीबी तू प्रत्यक्ष पाहिली आहेस का? क्रोमच्या शेजारी तो रंग असा उजळतो की बस. एमजीबी जीटी या बंद टपाच्या भावंडासकट पाच लाखांहून जास्त बनल्या, तेव्हा तू हिरवा मारलास म्हणून जगाचं काही बुडणार नाही, हेही खरं. पण पाहिल्याशिवाय ठरवू नकोस.

एक काम लगेच कर. डॅशबोर्डच्या मागे आणि सीटखालच्या गालिच्याखाली हात घाल. तिथे लाल रंग बहुधा पोचला नसेल. जुना निळा सापडला तर पॉलिशने हलकेच पूस आणि उन्हात फोटो काढून पाठव. रंगवाल्याला तोच तुकडा दाखवायचा, छापील रंगपट्टी नको. सिल उघडशील तेव्हा मला आधी कळव, मी चार दिवस काढून येतो. वहिनींना नमस्कार, आणि लाल जाणार हे तूच सांग.

तुझाच